खटक्यातली अक्षत

अमरावती,
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप मोठे बाबांना जुईलीचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी माझ्या हुकमात दोनच आहेत, मान आणि डावा गाल. बाकीची सहा आपल्या मर्जीची. नमस्कार कर म्हटलं तर एखादं लाथ मारायचं. तेव्हा दोन अंगांचा नमस्कार आठांचा समजून गोड मानून घ्या.) मोठ्या आईलाही नमस्कार. तुमची शुगर काय म्हणते? गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून दुखतो का? सकारण स्पष्ट करा. (हे शेवटचे दोन शब्द माझे नाहीत. मशीन पुढचे शब्द आपणहून सुचवतं, आणि मी दिवसभर शेखर सरांच्या क्लासच्या प्रश्नपत्रिका काढत असते, त्यामुळे त्याला वाटतं जगातलं प्रत्येक वाक्य पाच मार्कांचं आहे. गालाचा धक्का चुकून लागला आणि ते उमटले. खोडायचे तर पुन्हा तेवढीच मेहनत, म्हणून राहू दिले. शिवाय मला कारण खरंच हवंय, कारण दसऱ्यापासून तुम्ही बाबांचा फोन उचललेला नाही.)

हे पत्र माफीचं आहे. म्हणजे आईनं तसं ठरवलंय. दसऱ्याला जे झालं त्यानं तुम्ही रुसलात, आणि तुम्ही रुसलात की आमच्याकडे दिवाळीचा चिवडासुद्धा खमंग होत नाही. आईनं सांगितलं, चार ओळी लिही, मशीन बिघडलं होतं म्हण, मोठ्यांचा मान ठेव आणि संपव. मोठे बाबा, मी जन्मापासून चार ओळींतच राहून राहिले. लोक माझ्याशी बोलतात तेही थोडक्यात आणि मोठ्यानं, मी बहिरी असल्यासारखं. आता एकेक अक्षर माझ्या गालानं उमटतंय, तर मी का म्हणून थोडक्यात लिहू? पाल्हाळ लावण्याची हौस आपल्या घराण्यात सगळ्यांनी फेडून घेतली आहे, तुम्ही तर कोर्टातही. माझी राहिली होती. जुना चष्मा शोधून, पुसून घ्या आणि बसा आरामात.

मशीन तुम्ही त्या दिवशी नीट पाहिलंच नाही. (तुम्ही त्याच्याकडे समोरच्या पार्टीच्या वकिलाकडे पाहावं तसं पाहत होता.) म्हणून आधी ते सांगते. माझ्या खुर्चीला एक वाकडी दांडी आहे. तिच्या टोकाला पुरीएवढं गोल बटण आहे, ते माझ्या गालाजवळ येतं. आम्ही त्याला खटका म्हणतो. समोरच्या पडद्यावर घरं आखलेली आहेत, काहीत अक्षरं, काहीत तयार वाक्यं. एक उजेड वरून खाली ओळीओळीनं फिरतो. हवी ती ओळ उजळली की मी गालानं खटका दाबायचा, मग उजेड त्या ओळीतल्या एकेका घरावरून फिरतो, हवं ते घर आलं की पुन्हा दाबायचं. तेव्हा कुठं एक अक्षर. काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षर म्हणजे तर दुष्मनी. मी 'अक्षता' लिहीपर्यंत आई हळदीचा गोळाभात चढवून येते. लिहून झालं की मशीन ते बोलूनही दाखवतं, पण त्याचा आवाज बसस्थानकावर गाड्या पुकारणाऱ्या बाईचा आहे. मी पाणी मागितलं तरी वाटतं, धारणीची गाडी फलाटावर लागली. आणि शिक्षण तिचं पुण्याकडचं. मी 'मले' लिहिलं की खाली लाल रेघ ओढते. ओढू दे.

हे यायच्या आधी आमच्याकडे पुठ्ठ्याचा तक्ता होता. त्यावर सगळी मुळाक्षरं. आई एकेका अक्षरावर बोट ठेवायची, बरोबर अक्षर आलं की मी डोळे मिटायचे. पद्धत चांगली होती, पण आईला दम नव्हता. पहिलं अक्षर कळलं की ती पुढचं सगळं ओळखून मोकळी. 'प' आला की "पोहे?" मी म्हणत असायची पंखा. मे महिना, अमरावतीचं ऊन, आणि माझ्यापुढे वाफाळलेले पोहे. मी चिडून मान वर टाकायची, (ती तशीही जाते,) तर ही बाबांना सांगायची, बघा कशी हरखली. अशा रीतीनं मला पोहे फार आवडतात हे आपल्या घराण्यात प्रसिद्ध झालं. तुमच्याकडे अकोल्याला आले की मोठी आई मुद्दाम माझ्यासाठी पोहे करते, वर ओलं खोबरं. मोठे बाबा, मला पोहे आवडत नाहीत. कधीच आवडले नव्हते. मागच्या वर्षी मशीन आलं, त्यावर मी पहिलं वाक्य लिहिलं ते 'पोहे नको'. सगळे टाळ्या वाजवायला उभे होते. अपेक्षा मॅडम, (ज्यांनी हे मशीन बसवून दिलं आणि मला शिकवलं त्या,) मोबाइलवर चित्रण करत होत्या. आई रडली. सगळ्यांना वाटलं आनंदानं. तिच्या हातात बशी होती हो.

अपेक्षा मॅडमनी पडद्यावरच्या पहिल्या घरात 'नमस्कार, मी जुईली' असं वाक्य ठेवलं होतं. उजेड सगळ्यात आधी पहिल्या घरावर येतो, म्हणून जे फार लागतं ते तिथं ठेवायचं असतं. मी दुसऱ्याच दिवशी नमस्काराला खाली पाठवला आणि तिथं 'नाही' बसवलं. मॅडम म्हणाल्या, असं कसं, सुरुवातीलाच नाही? 'हो' कुठं ठेवायचं? मी सांगितलं, सगळ्यात खालच्या ओळीत, शेवटच्या घरात. 'हो' म्हणायला मला मशीन लागत नाही, माझ्या वतीनं ते सगळं गाव म्हणतं. डॉक्टर बाबांना विचारतात, हिला इंजेक्शन चालेल ना, बाबा म्हणतात हो. लग्नात बायका आईला विचारतात, हिला कळतं का हो सगळं, आई म्हणते हो. (एकदा तरी मला विचारा, मी चांगलं सांगते.)

आता माझ्या कामाचं. तुम्ही त्याला 'पोरीचा टाइमपास' म्हणता, म्हणून दोन शब्द जास्त लिहिते. राजापेठेत शेखर सरांचा दहावीचा क्लास आहे. त्यांच्या गणिताच्या सराव प्रश्नपत्रिका मी काढते. भूमिती मला बाबांनी शिकवली, पंचवीस-तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाच्या घरात दुसरं काय मिळणार. पोरांनी मला पाहिलेलं नाही, पण प्रश्नपत्रिकेखाली माझं नाव असतं, आणि सर सांगतात की एका बाकावर कोणी कर्कटकानं कोरून ठेवलंय, 'जुईली मॅडमले दया येवो'. मला नाही येत. गणपतीत सर घरी आले आणि म्हणाले, दिवाळीनंतर तुम्हीच क्लासवर या, आठवड्यातून दोन दिवस, मोठ्या पडद्यावर तुमचं मशीन जोडू, पोरांच्या शंका तुम्ही सोडवा. तुम्ही हळू लिहिता ते बरंच आहे, पोरांना पहिल्यांदा विचार करायला वेळ मिळेल. मोठे बाबा, त्या दिवशी मी उजेड पार खालच्या ओळीपर्यंत जाऊ दिला, शेवटच्या घरापर्यंत वाट पाहिली, आणि स्वतःच्या गालानं 'हो' दाबलं. त्या घराला तोवर हात लागला नव्हता. मला इतका आनंद झाला की उजवा पाय उडाला आणि सरांचा चहा सांडला.

हे सगळं तुम्हाला सांगायचं होतं. दसऱ्याला याल तेव्हा सांगू असं ठरवून मी तयार वाक्यं लिहून ठेवली होती. पण तुम्ही आलात खंडेनवमीला, आणि आपल्या घरची रीत तुम्हाला मी काय सांगावी. नवमीला अवजारं पुजायची आणि दसऱ्याला सोनं वाहिल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. आजोबांच्या वेळेपासून आहे, आणि पाळतं कोण याकडे लक्ष तुमचं. बाबांनी सकाळीच पाट मांडले. स्कूटरला हार, आईची शिलाई मशीन, मिक्सर, बाबांचा लाकडी कंपास. मग माझ्याकडे पाहून त्यांचे डोळे भरून आले, म्हणाले, "खरं शस्त्र तं पोरीचं आहे." आणि दांडीवरून खटका सोडवून नेला. मला काही म्हणायचं होतं, पण ते म्हणायचा खटका बाबांच्या हातात होता. त्याला हळद लागली, कुंकू लागलं, कुंकवात माखलेल्या लालभडक अक्षता त्यांनी मूठभर वाहिल्या, वर झेंडूचं टपोरं फूल. पुठ्ठ्याचा तक्ता आईनं मशीन आलं तेव्हाच रद्दीत घातला होता. तासाभरानं तुमची जीप दारात लागली.

त्या जीपमध्ये मागची बाकं काढून गादी अंथरली होती, नव्या फुलाफुलांच्या खोळीची. शालिकराम (तुमचा ड्रायव्हर, ज्याला घरातलं सगळं माझ्याआधी माहीत असतं) आईला म्हणाला, ताईंसाठी आहे, धक्के लागू नये म्हणून. मला तिथंच कळलं. मग तुम्ही सोफ्यावर बसलात, आणि माझं तोंड देवघरात झेंडूखाली पडलेलं असताना माझा निकाल लागला. तुम्ही म्हणालात, "नारायण, तुमी दोघं आता थकले. पोरीले मी घेऊन जातो. मागची खोली रिकामीच आहे, कूलर आहे, तिची मोठी आई आहे. तिले काय लागते?" आणि बाबा म्हणाले, हो दादा.

बाबांना दोष देऊ नका, मीही देत नाही. त्यांची कॉलेजातली शाखा तुम्ही निवडली, त्यांची बायको तुम्ही पाहिली, (ही निवड चांगली होती, आणि हे पत्र आई वाचणार आहे म्हणून लिहीत नाही,) स्कूटर निळी घ्यायची की करडी हेही अकोल्याहून ठरलं. एवढ्या वर्षांत 'हो दादा' त्यांच्या तोंडात असं बसलंय की त्यांना खटक्याचीही गरज नाही. मी मात्र दिवसभर जिवाचा आटापिटा केला. डोळे वटारले. घशातून जेवढा निघतो तेवढा आवाज काढला. आई घाबरत म्हणाली, ती काहीतरी म्हणून राहिली, थांबा म्हणते वाटते. तुम्ही म्हणालात, खुशीत आली पोट्टी. मी संतापानं मान मागे टाकली, तर तुम्ही हात जोडून म्हणालात, पाहा, देवाकडे पाहून राहिली.

त्या दिवशी मला भीती वाटली, मोठे बाबा. तुमची नाही आणि त्या खोलीचीही नाही, जरी ती खोली मला चांगली ठाऊक आहे. उन्हाळ्यात मी तिथं असते तेव्हा माझी खुर्ची कॅलेंडरकडे तोंड करून लावतात आणि महिना संपला तरी पान कोणी उलटत नाही. भीती वाटली ती 'तिले काय लागते' या शब्दांची. मला पुष्कळ लागतं हो. इंटरनेट लागतं. दुपारी दाराशी कोणी तरी भांडणारं लागतं. राजापेठेतली ती पोरं लागतात ज्यांना माझी दया हवी आहे आणि मिळणार नाही. हे लिहिताना आत्ताही गाल थरथरतोय आणि दोन अक्षरं चुकीची पडली. खोडली.

दसरा उजाडला. बाबांनी खटक्यावर आपट्याचं पान वाहिलं आणि तो मोकळा झाला. शकुनताई (सकाळी माझं सगळं करायला येते ती) तो दांडीवर बसवायला गेली, आणि इथून पुढचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, तरी माझ्या बाजूनंही नोंद राहू द्या. अक्षत खटक्याच्या फटीत गेली होती. खटका दाबलेलाच राहिला, आणि असं झालं की उजेड पहिल्या घरावरून हलतच नाही, मशीन तेच ते बोलत राहतं. दारात दूधवाला उभा होता. त्यानं हाक मारली, दूध घ्या. आतून बसस्थानकावरची बाई म्हणाली, नाही. तो म्हणाला, दसऱ्याचं जास्तीचं सांगितलं होतं ना. नाही. काल तुमीच सांगितलं. नाही, नाही, नाही. तो दुखावून निघून गेला, आणि म्हणून वर्षाच्या सणाला तुम्हाला कोरा चहा प्यावा लागला. त्याचीही माफी या पत्रात धरावी.

मग जेवणं झाली. पुरण झालं, गोळाभात झाला, तुम्ही दोनदा मागून घेतला. सोनं देऊनघेऊन झालं. तुम्ही घड्याळ पाहिलं, म्हणालात मुहूर्त चांगला आहे, आजच सीमोल्लंघन करू. माझे कपडे आईनं पिशवीत भरले होते. ती पिशवी पाहून मला काय झालं ते मी लिहीत नाही. सगळे उभे राहिले, तेव्हा तुम्ही माझ्यासमोर आलात. एवढं मात्र मान्य करते, दोन दिवसांत माझ्यासमोर येऊन बोलणारे तुम्ही एकटेच. फक्त विचारलंत वकिलासारखं, उत्तर आतच ठेवून. "जुईली, चलायचं ना मंग अकोल्याले?"

मशीन म्हणालं, नाही.

तुम्ही हसलात. पुन्हा विचारलंत. पुन्हा नाही. बाबा म्हणाले, सकाळसारखं अटकलं वाटते दादा. तुम्ही म्हणालात, दिवाळीपर्यंत तरी चल. नाही. मोठी आई वाट पाहून राहिली, नवे पडदे लावले तिनं. नाही. (हा मला लागला. पडद्यांबद्दल मोठ्या आईला माझे आभार सांगा.) शालिकराम दारातून म्हणाला, गादीही नवी आहे ताई. त्यालाही नाही. मग तुमचा आवाज चढला, आणि अकोल्याच्या कोर्टात साक्षीदार ज्याला घाबरतात तो प्रश्न आला. "म्हणजे काय, इथंच राहायचं आहे का तुले?" मशीन एकदम गप्प झालं. तेवढ्यात बाबा पुढे आले, त्यांनी मशीनची वायर उपसली, आईच्या केसातला आकडा मागून घेतला, खटक्याच्या फटीत घातला, बराच वेळ खुडबुड केली, आणि चिमूट वर धरून सगळ्यांना दाखवली. "हे पाहा दादा, अक्षत. अटकली होती." त्यांच्या बोटाला एक पिवळा दाणा चिकटला होता. सगळे हसले, आईनं देवाला हात जोडले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, या घरात आता मशीनलेही वळण राहिलं नाही, आणि निघालात. चष्मा इथंच राहिला होता, तो न्यायलाही परत आला नाहीत. गादी रिकामीच गेली.

मोठे बाबा, मला सगळं आठवतं बरं. आजूबाजूला सगळे मला उचलायला बिचकायचे, तेव्हा श्रावणात राजेश्वराची कावड दाखवायला मला खांद्यावर बसवून तुम्ही गर्दीत शिरला होतात. मला नेहमी लोकांचे पट्टे आणि पिशव्या दिसतात. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांची डोकी खाली होती. तुमच्या कानात माझी लाळ गळत होती आणि तुम्ही पुसलीसुद्धा नाही. तेव्हाही तुम्ही मला विचारलं नव्हतं, पण तेव्हा मला जायचं होतं.

तर आता त्या चार ओळी. मोठे बाबा, मला माफ करा. मशीन बिघडलं होतं. खटक्यात अक्षत अडकली होती. मोठ्यांचा मान ठेवायला मला लहानपणापासून शिकवलं आहे. फोन उचला, बाबा रोज संध्याकाळी मोबाइल मांडीवर घेऊन बसतात. मोठ्या आईला नमस्कार, शालिकरामला आशीर्वाद. (तो माझ्याहून मोठा आहे, पण मशीननं 'आशीर्वाद' सुचवलं आणि मला द्यावासा वाटला.)

तुमची, शक्य तेवढी आज्ञाधारक,
जुईली

ता. क. आईनं इथपर्यंत वाचलं. पोह्यांपाशी थोडी थांबली, बायकोपाशी हसली, आणि छान लिहिलंस म्हणून भाजी आणायला गेली. पत्राची छापील प्रत शकुनताई काढून पोस्टात टाकणार आहे, म्हणून आता खरं लिहिते. अक्षत दसऱ्याच्या सकाळीच निघाली होती. दूधवाला गेल्याबरोबर शकुनताईनं आपल्या पदराची पिन घालून ती काढली, खटका फडक्यानं पुसला, मला वापरून बघायला लावला आणि वर म्हणाली, आता बोल माय काय बोलायचं ते. दुपारी खटका उत्तम चालू होता. ते सगळे नाही माझे आहेत. प्रत्येक वेळी मी आधी ओळ पकडली, मग घर पकडलं, मग दाबलं. दोन दिवस गाल सुजला होता, आई त्यावर हळद लावत होती आणि दाढ दुखते का विचारत होती. तुम्ही वकील आहात, तुमच्या ध्यानात यायला हवं होतं. 'इथंच राहायचं आहे का' म्हणालात तेव्हा मशीन गप्प झालं. अडकलेला खटका गप्प बसत नसतो. मी 'हो'कडे निघाले होते. ते सगळ्यात खाली आहे, शेवटच्या घरात, आणि मी पोचायच्या आत बाबांनी वायर काढली. ते उत्तर राहिलं होतं म्हणून इथं लिहिते. हो.

दुसरा ता. क. आता बाबांच्या त्या दाण्याबद्दल. नवमीच्या अक्षता लाल होत्या, कुंकवाच्या. बाबांनी दाखवलेला दाणा पिवळा होता आणि बोटाला चिकटला होता, कारण तो शिजलेला होता. गोळाभातातला. त्यांनी तो ताटातून कधी उचलून ठेवला मला माहीत नाही, मी त्यांना विचारलेलं नाही आणि तुम्हीही विचारू नका. वायर काढताना ते खाली वाकले, तेव्हा त्यांचं तोंड माझ्या कानापाशी होतं. ते एवढंच म्हणाले, "बस, समजलं मले." जन्मभर तुम्हाला एकदाही नाही न म्हणालेल्या माणसानं त्या दिवशी भाताच्या एका शितातून तुम्हाला नाही म्हटलं, आणि तुमचा मानही ठेवला. त्यांच्यावर रागवायचं असेल तर आधी माझ्याशी बोला, मला वेळ आहे.

तिसरा आणि शेवटचा ता. क. खरं काम हे आहे. क्लास दिवाळीनंतरच्या सोमवारी सुरू होतोय. माझी खुर्ची कुठल्याही ऑटोत मावत नाही, शेखर सरांनी तीन ऑटोवाले आणून पाहिले, एकाच्या ऑटोचं टप फाटलं. तुमच्या जीपमध्ये मात्र मागची बाकं आधीच काढलेली आहेत, गादीही अंथरलेली आहे, आणि ती अकोल्यात नुसती उभी आहे. तेव्हा जीप शालिकरामसह पाठवावी, पहिले दोन-तीन आठवडे, तोवर इथं काही सोय होईल. गादी काढून ठेवली तरी चालेल, मी बसून जाणार आहे. स्वतः आलात तर फार बरं, पहिल्या दिवशी मागच्या बाकावर एक माणूस मला हवा आहे जो पोरांना दामटून गप्प बसवील. चष्माही घेऊन जाता येईल. जमणार नसेल तर तसं स्पष्ट 'नाही' कळवा, मी वाईट वाटून घेणार नाही. आपल्या घरात आता ते म्हणता येतं.